'सहिष्णुता' म्हणजे सहन करणंच का?

पानगळ :
निरनिराळ्या धर्मांची माणसं एकत्र राहतात तिथे वाटायच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. मुळात 'टॉलरन्स' आहे. मी सरळ 'धार्मिक सहिष्णुता' लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचा धर्म माझ्याहून वेगळा. त्यांनी त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात लिहिलं, "म्हणजे आम्हाला सहन करणार?" तेव्हापासून तो गोल डोळ्यांसमोरून हलत नाही. दुसरा शब्द सुचवा. 'सलोखा' दोघांत असतो, मला एकाच्या मनातल्या वृत्तीसाठी हवाय.

अक्षरयात्री :
बाईंचं बरोबर आहे. गांधीजींनाही हाच शब्द खुपला होता. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून ते आश्रमवासीयांना व्रतांबद्दल पत्रं पाठवत. सहिष्णुतेत दुसऱ्याचा धर्म उणा असं गृहीत धरलं जातं, असं त्यांचं म्हणणं. काकासाहेब कालेलकरांनी 'आदर' सुचवला, तर त्यातही त्यांना उपकाराची छटा दिसली. म्हणून 'सर्वधर्मसमभाव'. तोच घ्या.

धातुपाठ :
शब्दावर अन्याय होतोय. संस्कृतातला 'सह्' धातू म्हणजे नुसतं सोसणं नव्हे. पेलणं, समर्थ असणं हेही त्यात आहे. शिवरायांच्या राजमुद्रेतल्या 'वर्धिष्णु'मध्ये जो प्रत्यय, तोच इथे. वाढणं हा ज्याचा स्वभाव तो वर्धिष्णू, वेगळेपण पेलणं हा ज्याचा स्वभाव तो सहिष्णू. यात लाचारी कुठे आहे?

पानगळ :
पटतं, पण वाचणाऱ्याच्या हाती धातुपाठ नसतो. त्याच्या कानावर 'असह्य', 'सहन होत नाही' हेच रोज पडतं. आणि 'समभाव' भाषणांतून इतका वापरलाय की वाचताना डोळा त्यावर थांबतच नाही.

बारमाही :
साधं 'गुण्यागोविंदाने नांदणं' का नको?

अक्षरयात्री :
सर्वधर्मीय पुस्तिकेत 'गोविंद'?

बारमाही :
माझी ख्रिस्ती मैत्रीण पत्रात नेहमी लिहायची, 'आम्ही गुण्यागोविंदाने आहोत.' तिला त्यात देव ऐकू आला नाही, मलाही नाही. खरा जीव 'नांदणं'मध्ये आहे. पाहुणा राहतो, तो नांदत नाही. नांदायला जागा आपली वाटावी लागते. बाईंना तेच म्हणायचं असेल.

काना_मात्रा :
'सौहार्द' आहे की. फक्त 'सौहार्द्र' लिहू नका. सुहृद्, त्याचं भाववाचक सौहार्द. शेवटचा र 'आर्द्र'वरून चिकटलाय.

रोजची_मराठी :
फलकांवर सर्रास 'सौहार्द्र' दिसतं. इतक्या लोकांनी लिहिलं की तेच रूप होतं.

काना_मात्रा :
होत नाही. चूक शंभरदा लिहिली तरी चूकच.

धातुपाठ :
'सलोखा'ही टाळावा, तो अरबी 'सुलूक'वरून आलाय.

रोजची_मराठी :
माझ्या मते 'सुलह'वरून. पण कुठूनही येवो, भांडण मिटल्यावर मराठी माणसाच्या तोंडी 'सलोखा'च येतो. परधर्मीयांबरोबर कसं राहावं हे सांगणाऱ्या पुस्तिकेतून परका म्हणून शब्द काढायचा, हे मला मुळीच मान्य नाही.

धातुपाठ :
'सुलह'मधल्या ह-चा ख कसा झाला ते दाखवा. जुन्या कागदांत 'सलूख' आहे, म्हणजे 'सुलूक'च. आणि काढा म्हटलं नाही, टाळा म्हटलं.

अक्षरयात्री :
मग सम्राट अशोकाकडे जा. त्याच्या गिरनारच्या बाराव्या शिलालेखात 'समवायो एव साधु' आहे, म्हणजे एकत्र येणंच चांगलं. त्याच लेखात 'पाषंड' म्हणजे कुठलाही धर्मपंथ, निंदा अजिबात नाही. आज 'पाखंड' म्हणजे ढोंग. दुसऱ्याच्या पंथाचं नाव शिवी कधी झालं, हे शोधायला हवं.

काना_मात्रा :
'पाखंडी' आणि 'पाखांडी' यांतलं बरोबर कुठलं?

पानगळ :
बारमाहीताई, आतल्या परिच्छेदात 'सहिष्णुतेने राहावे' खोडून 'एकमेकांसह नांदावे' केलं. वाक्य हलकं झालं. मथळ्याला मात्र नाम हवं आणि 'नांदणूक' मला लिहवत नाही. बाई परवा येतील, तोवर मथळ्याची जागा मोकळी ठेवलीय.

धातुपाठ :
'नांदणूक' चांगला शब्द आहे. का नको?