ट्रॅकवर गायचंय? मग तो मापाचा शिवून घ्या (चर्चा)

काळी_पाच
गेल्या गणपतीत एका सोसायटीत सुगम संगीताचा कार्यक्रम ऐकला. गाणारी मुलगी तयारीची होती. ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, मात्र कुठूनतरी उतरवलेला, पुरुषाच्या काळी 2 चा (पेटीवरची दुसरी काळी पट्टी हा सा), आणि मोबाइलवरच पाच पट्ट्या चढवून काळी 4 ला आणलेला. बासरीची शिट्टी झाली होती, तबल्याचा पत्र्याचा डबा. वर मूळ गायकाचा आवाज कुठल्याशा ॲपने पुसलेला, त्यामुळे प्रत्येक 'स' आणि 'श'ला मागून कुणीतरी कुजबुजतंय असं वाटायचं.

ट्रॅकवर गाण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः गाते. पण ब्लाउज जसा आपल्या मापाचा शिवतो तसा ट्रॅकही शिवून घ्यावा लागतो. मी कीबोर्डवाल्याकडून गाणं माझ्या पट्टीत नव्याने वाजवून घेते. ताल, बेस, व्हायोलिन, मधले म्युझिक पीस, सगळ्यांच्या फाइली वेगळ्या. कार्यक्रमाला बासरीवाला आला तर ट्रॅकमधली बासरी बंद. ढोलकीवाला आला तर ढोलकी बंद. फाइल वेव्हच (न दाबलेली, पूर्ण आवाजाची) ठेवते, मिनिटाला साधारण 10 एमबी जातात, जाऊ देत. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, जवळजवळ नाहीच ठेवत. मंगल कार्यालयाचा पत्रा तो फुकट देतो. आणि सगळ्या गाण्यांचा आवाज आधीच एका पातळीला आणते, नाहीतर पहिलं गाणं कुजबुज आणि दुसरं वरात.

एवढं केलं तर वादक आणि ट्रॅक एकाच स्टेजवर सुखाने नांदतात, असं माझं मत. झोडा.

ढोलकीचा_पोर
झोडतोच.

ताई, वाईट ट्रॅकचं आम्हाला भय नाही. तो ऐकून लोकच म्हणतात, पुढच्या वर्षी वादक आणा. तुमच्यासारखा नीट शिवलेला ट्रॅक आमच्या पोटावर येतो. पूर्वी ऑर्केस्ट्राला टेम्पो भरून माणसं जायची. आता दुचाकीवर दोघं जातात, पुढे लॅपटॉप, मागे गायिका.

पोटाचं सोडा, गाण्याचं बोलू. बैठकीत एखादी ओळ रंगली, समोरून 'वाहवा' आली, की गाणारा ती ओळ पुन्हा घेतो, वेगळ्या अंगाने घेतो. आम्ही ठेका धरून थांबतो, तो समेवर आला की उचलतो. ट्रॅक थांबतो का? तो निघून जातो एसटीसारखा. लावणीत तर विचारूच नका. शेवटाकडे लय कुठे चढवायची हे नाचणारीचे पाय ठरवतात, मी तिच्या घुंगरांकडे कान लावून वाजवतो. ते तुम्ही आठ दिवस आधी खोलीत बसून कसं ठरवणार?

केबल_गुंडाळ्या
तुमचं चालू द्या, मी साउंडवाला. 10 वाजता स्पीकर बंद करायची घाई, त्यात साडेनऊला कुणीतरी मोबाइल हातात देतं, "यात ट्रॅक आहे, लावा जरा".

एक किस्सा सांगतो, ट्रॅकला शिव्या घालणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. एका लग्नात गायक पांढराफटक, "माझा बेस कुठे गेला? ढोल कुठे गेला?" खरंच, नुसती व्हायोलिनची वाफ येत होती. सगळे म्हणाले फाइल खराब. मी मागे जाऊन पाहिलं. मोबाइलच्या स्टिरिओ पिनेला मोठा तीन कड्यांचा जॅक लावून तो सरळ मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटात खुपसलेला. मिक्सर तिथे एका बाजूतून दुसरी वजा करतो. दोन्ही बाजूंना सारखं जे असतं, म्हणजे बेस, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), बरेचदा तबलाही, ते शून्य होतं. आवाज काढायचे ॲप यायच्या आधी लोक गायकाला गाण्यातून पुसायला हीच वजाबाकी करायचे. 'वाय' केबल लावली, डावी-उजवी दोन वेगळ्या चॅनेलवर घेतली, ढोल परत आला. काही रुपयांची केबल, आणि त्या कीबोर्डवाल्याला आठवडाभर शिव्या.

दुसरं: सतार पूर्ण डावीकडे आणि तबला पूर्ण उजवीकडे असले लाड हेडफोनवर ठीक. हॉलमध्ये डाव्या भिंतीपाशी बसलेल्या आजींना फक्त सतार मिळते. ट्रॅक मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐकून मग आणा.

तिसरं: फाइल 44.1 किलोहर्ट्झची (सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने) आणि यंत्र 48 वर बळजबरीने चालवलं तर गाणं सुमारे दीड पट्टी चढतं आणि लयही 9 टक्क्यांच्या आसपास पळते. गायक म्हणतो माझा घसा बसला.

काळी_पाच
केबलवाले दादा, दंडवत. मोनोचं मला सुचलं नव्हतं.

ढोलकीचा_पोर, ओळ पुन्हा घेण्यावर उपाय आहे. ट्रॅक सलग ठेवायचाच नाही. मुखडा, पीस, अंतरा असे तुकडे करायचे, ठेका गोल फिरता ठेवायचा, आणि गायकाने खूण केली की पायाने बटण दाबून पुढच्या तुकड्यावर जायचं. एबल्टन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होतं. डाव्या चॅनेलवर लय दाखवणारी टिकटिक फक्त वादकांच्या कानात, उजव्यावर ट्रॅक लोकांना. परदेशी बँड हे किती वर्षांपासून करतात. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर कीथ मून 1970च्या दशकात हेडफोन लावून टेपवरच्या सिंथेसायझरबरोबर वाजवायचा.

ढोलकीचा_पोर
आणि ते बटण दाबणारा पाय कुणाचा? गायकाकडे डोळे लावून, खूण ओळखून, समेच्या आत दाबायचं म्हणजे त्याला ताल हवा, कान हवा, सराव हवा. असा माणूस बसवायचाच तर त्याच्या मांडीवर ढोलकी द्या की.

कीथ मूनचं म्हणाल तर तो स्वतः वाजवत होता. टेपने त्याला घरी नाही बसवलं.

हौशी_आजोबा
दोघंही व्यावसायिक, म्हणून भांडताय. आमचा साठीच्या पुढचा कराओके गट आहे. महिन्यातून एकदा हॉल भाड्याने घेतो, चहा-बटाटेवडा, प्रत्येकाची दोन गाणी. चार वादकांचं मानधन आम्ही कुठून देणार? ट्रॅक नसता तर आमच्यातल्या निम्म्यांनी माइक हातात धरला नसता. ट्रॅक पळाला तर आम्ही मागे पळतो, हशा होतो, पुढचं गाणं.

फ्योर्डकाठची
नॉर्वेतून +1. दिवाळीच्या कार्यक्रमाला आमच्या गावात तबला वाजवणारा एकही मिळत नाही. पुण्याहून एकाने आमच्या पट्टीत ट्रॅक करून पाठवला म्हणून मुलांच्या कानावर निदान केरव्याचा ठेका पडला.

ढोलकीचा_पोर
आजोबा, तुमच्याशी भांडण नाही, वडा ठेवा एक. नॉर्वेशीही नाही. माझा राग बॅनरवर 'भव्य लाइव्ह ऑर्केस्ट्रा' छापून, तिकीट लावून, आत लॅपटॉप उघडणाऱ्यांवर आहे. कीबोर्डवाला नुसती बोटं हलवतो. सरळ लिहा की ट्रॅकवर आहे, ज्याला यायचं तो येईल.

काळी_पाच
हे शंभर टक्के मान्य. पुढच्या पत्रिकेवर मी 'काही साथ ध्वनिमुद्रित' असं छापणार.

एक विचारते, राग मानू नका. माझ्या नव्या ट्रॅकमध्ये ढोलकी कीबोर्डच्या सँपलची (आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या थापेची) आहे आणि ती खोटी वाटते, प्रत्येक थाप सारखी. रेकॉर्डिंगला याल का?

ढोलकीचा_पोर
येईन. ढोलकीची शाई तुमच्या काळी 5 ला लावून आणतो. पण मानधन ठरवताना एक बघा. मी एक दुपार वाजवणार, एकदा पैसे घेणार, आणि माझा हात पुढची दहा वर्षं तुमच्या प्रत्येक कार्यक्रमात वाजणार. त्यातल्या किती कार्यक्रमांना मला बोलावणं येईल?

काळी_पाच
दर कार्यक्रमामागे काही रक्कम असं ठरवता येईल का? असं कुणी देतं का, मला खरंच ठाऊक नाही.

केबल_गुंडाळ्या
मी तरी कुणी देताना पाहिलेलं नाही. आणि ताई, ठरेल ते ठरेल, कार्यक्रमाच्या वेळी लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही फ्लाइट मोडवर टाका. परवा दुसऱ्या अंतऱ्याच्या ऐन मध्यात एका गायकाच्या सासूबाईंचा फोन आला, दोन्ही स्पीकरवर रिंग.