सीपॅनेल: उत्तर २००, पण मेलबॉक्स गायब
सीपॅनेल या होस्टिंग कंट्रोल पॅनेलवर स्क्रिप्टने मेलबॉक्स बनवताना ‘एचटीटीपी २०० (म्हणजे विनंती ठीक) येतो, तरी मेलबॉक्स दिसत नाही’ यात नवल काही नाही. यूएपीआय (सीपॅनेलला प्रोग्रॅममधून आज्ञा द्यायची सोय) मधली ॲड_पॉप ही मेलबॉक्स बनवायची आज्ञा फसली तरी २००च येऊ शकतो. खरा निकाल उत्तरात आलेल्या जेसन मजकुरातल्या ‘स्टेटस’मध्ये: १ म्हणजे झालं, ० म्हणजे नाही, आणि कारण ‘एरर्स’मध्ये. आधी ते छापून बघा, तर्क नंतर.

पासवर्ड कमकुवत असल्याची तक्रार असेल आणि तुमचा तर चांगला लांबलचक असेल, तर एनकोडिंग (खास चिन्हांचं यूआरएलला चालेल असं रूपांतर) तपासा. पासवर्ड यूआरएलमध्ये तसाच चिकटवला की & पाशी तो तुटतो, # नंतरचं सर्व्हरपर्यंत पोचतच नाही आणि + ची रिकामी जागा होते. यातला + सगळ्यात छळवादी: मेलबॉक्स बनतो, स्टेटस १ येतो, पण लॉगिन काही होत नाही! पोस्ट विनंती करा, कर्ल या कमांडमध्ये ‘डेटा-यूआरएलएनकोड’ वापरा. पासवर्ड ॲक्सेस लॉगमध्येही उमटणार नाही.

टोकनच (पासवर्डऐवजी पाठवायची एपीआय चावी) नाकारलं जात असेल तर पोर्ट बघा. सीपॅनेलचं टोकन २०८३ वर चालतं, डब्ल्यूएचएमचं (सर्व्हर सांभाळणाऱ्याचं पॅनेल) २०८७ वर. हेडरमधला ‘ऑथोरायझेशन’नंतरचा शब्दही त्यानुसार बदलतो. मेलबॉक्सचा कोटा (जागेची मर्यादा) एमबीत द्यायचा, ० म्हणजे अमर्याद.