‘ड्रॅकोनियन टाइम्स’, उसनी उदासी आणि ‘प्पा’ची फाइल

बदली कामगार :
‘उत्तर कसबा’ या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी काल असे लिहिले की, ४२ अंशांच्या उन्हात काळा टी-शर्ट घालून गॉथिक मेटल (जड गिटारींचे उदास रॉक संगीत) ऐकणारे सोलापूरकर म्हणजे परक्याच्या मयतीत गळा काढणारी माणसे, आणि ‘पॅरडाइज लॉस्ट’ या इंग्रज बँडची गाणी म्हणजे घसा बसलेल्या माणसाची रडगाणी. एरवी मी सोडून दिले असते. परंतु १९९५ साली आलेल्या त्यांच्या ‘ड्रॅकोनियन टाइम्स’ या अल्बमने मला पंचवीसहून अधिक वर्षे सोबत केली आहे, तेव्हा गप्प बसणे बरे नव्हे.

घसा बसल्याचे म्हणाल, तर त्यांचा गायक निक होम्स गुरगुरत असे तो पहिल्या अल्बमांत. या पाचव्या अल्बमात तो मोकळ्या आवाजात गातो. रडगाण्याचे म्हणाल, तर ‘एन्चांटमेंट’ हे पहिलेच गाणे ऐकावे. एकटा पियानो सुरुवात करतो, मग एरन एडीची गिटार खाली जड पाया घालते आणि ग्रेगर मॅकिंटॉशची गिटार त्यावरून एक लांब, रेंगाळणारी सुरावट ओढत नेते. आपल्याकडे सारंगी गायकाच्या मागून चालते; इथे गायकच गिटारच्या मागून चालतो, आणि दुःख सांगण्याचे काम शब्दांवर न टाकता त्या सुरावटीवर सोपवलेले आहे. म्हणून तर इंग्रजी धड कळत नसलेल्या वयातही तो अल्बम मला कळला.

पुण्यात शिकणाऱ्या मावसभावाने तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर भरून दिला होता. अल्बम सुमारे ४९ मिनिटांचा आणि बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे बारावे गाणे सुरू होते न होते तोच खट्ट करून बटण वर येई. घरात दोन माग होते. रात्रपाळीला धोट्याच्या खडखडाटात ऐकायचे, तर टेप कानाशी धरून बसावे लागे. या बँडचे यॉर्कशायरमधले हॅलिफॅक्स हेही गिरण्यांचेच गाव, तिथल्या गालिचांच्या अवाढव्य कारखान्याला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस कुलूप लागले आणि १९८८ मध्ये हा बँड त्या गावात उभा राहिला, हे पुढे वाचनात आले तेव्हा मला तिळमात्र नवल वाटले नाही.

उत्तर कसबा :
‘मयत’ हा शब्द आपल्याला लागला, याबद्दल दिलगीर आहे. मत मात्र मागे घेत नाही. आमच्याकडे माणूस गेला की रात्रभर कानडी भजने चालतात. वडील गेले त्या रात्री टाळ इतका हळू वाजत होता की, मध्येच कोणी तो खाली ठेवला असावा असे वाटे, आणि तरीही पहाटेपर्यंत एकही माणूस जागचा उठला नाही. ज्याच्या घरात अशी रात्र होऊन गेली आहे, त्याला यॉर्कशायरहून उदासी मागवावी का लागते, एवढाच माझा प्रश्न होता. शिवाय याच अल्बममधल्या ‘फॉरेव्हर फेल्युअर’मध्ये चार्ल्स मॅन्सनच्या मुलाखतीतला आवाज वापरला आहे. दुःख स्वतःचे असेल, तर त्याच्या तोंडी खुन्याचे शब्द घालावे लागत नाहीत.

विडी घरकुल :
आपण दोघेही चुकीच्या अल्बमवर भांडत आहात. खरा अल्बम १९९१ चा ‘गॉथिक’. त्यात खाली गुरगुरणारा पुरुषी आवाज, वर स्त्रीचा आवाज आणि मागे वाद्यवृंदाचा भास आहे, आणि या संगीतप्रकाराला नाव मिळाले तेही त्याच्याचमुळे. ज्याला बदली कामगार कौतुकाने ‘मोकळा आवाज’ म्हणतात, ती घसरणीची पहिली पायरी होती. त्याच पायऱ्यांनी उतरत हे लोक १९९९ साली ‘होस्ट’पर्यंत पोहोचले, जिथे गिटार शोधायला कंदील घ्यावा लागतो. २०१५ च्या ‘द प्लेग विदिन’मध्ये होम्स पुन्हा गुरगुरू लागला, म्हणजे चूक त्याला स्वतःलाही उमगली; त्याच्या चाहत्यांना ती केव्हा उमगणार?

चाटी गल्ली :
मेटलमधले मला फारसे कळत नाही. गिरण्यांमधले कळते, म्हणून लिहितो. हॅलिफॅक्सचा तो कारखाना गालिचांचा, आपल्या गिरण्या सुताच्या. आणि तो बंद पडला तेव्हा हे कलावंत शाळकरी पोरे होते. सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली, मागाहून इतर आल्या आणि एकेक करून साऱ्या बंद पडल्या. त्यातून कोणता बँड निघाला? निघाले ते गल्लोगल्लीचे यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल. माझे वडील जॉबर होते, म्हणजे कामगारांवर देखरेख ठेवणारे आणि यंत्रे दुरुस्त करणारे. गिरणी बंद पडल्यावर ते एका मागवाल्याकडे बारा तासांच्या पाळीत उभे राहिले आणि त्याबद्दल घरात हूं की चूं केले नाही. त्यांच्या त्या गप्प बसण्याला कोणाच्या गिटारची साथ जोडू नये, ही विनंती. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, गिरण्या बुडाल्या त्या रोजच्या संपांनी.

बदली कामगार :
हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि दर वेळी ते पगारी पाळी करणाऱ्याच्या घरातूनच येते. माझे वडील बदलीवर होते. भोंगा झाला की फाटकाशी जायचे, नाव पुकारले तर आत, नाही तर डबा तसाच घेऊन घरी. ज्यांनी तीस-तीस वर्षे जुनी यंत्रे बदलली नाहीत, त्यांचे नाव आपल्या लेखणीतून उतरत नाही, आणि ज्याला महिन्यातून बारा दिवस काम मिळे त्याने मात्र गिरणी बुडवली! थकलेल्या रकमेसाठी वडिलांनी एका कचेरीत नऊ वर्षे खेटे घातले. कारण काय, तर फाइलवर त्यांच्या नावाच्या शेवटी ‘य्या’ऐवजी ‘प्पा’ लिहिले गेले होते, आणि तेलुगू माणसाचा कानडी माणूस करणाऱ्या त्या कारकुनाला ते दुरुस्त करण्याचा अधिकार नव्हता. गप्प बसणारे वडील फक्त आपलेच नव्हते, मालक. माझेही गप्पच असत. म्हणून मला कोणीतरी बोलणारे हवे होते, आणि ती गिटार बोलली. त्या गिटारवाल्याने गिरणीत काम केले होते, असे मी कुठेही लिहिलेले नाही.

चाटी गल्ली :
आवाज चढवू नये. जॉबरच्या घरात काही सोन्याचे ताट नव्हते. ‘प्पा’ची गोष्ट मात्र खरी असणार, हे मान्य करतो, कारण आमच्याकडच्या एका कागदावर आजोबांचे वय वडिलांपेक्षा चार वर्षांनी कमी होते. यंत्रे जुनी होती हेही खरे. ती दुरुस्त कोण करत होते, ते आपण वर वाचलेच आहे. संपांबद्दल मी शब्द मागे घेणार नाही.

विडी घरकुल :
संप, फाइल आणि आजोबांचे वय यांचा निकाल लागला असल्यास, या अल्बमपासून ड्रमवर आलेल्या ली मॉरिसबद्दल कोणी दोन शब्द लिहील काय? ‘ड्रॅकोनियन’मध्ये मला आवडण्याजोगे तेवढेच आहे. त्याच्या हातात घाई नाही, आणि म्हणूनच संथ गाणीही बसकण मारत नाहीत. एवढे मी कबूल केले, याची नोंद घ्यावी.

उत्तर कसबा :
वादाला आधार असावा म्हणून काल रात्री ‘एन्चांटमेंट’ ऐकले. पियानो चांगला आहे. दुसऱ्यांदा ऐकले ते गिटार नेमकी कुठे येते हे पाहण्यासाठी, आणि तिसऱ्यांदा केवळ खात्रीसाठी, त्यामुळे कोणी भलता अर्थ काढू नये. सारंगीची उपमा मात्र मला पटली नाही. सारंगी गायकाला सांभाळून घेते; ही गिटार कोणालाच सांभाळून घेत नाही, आणि कदाचित तुम्हाला तेच आवडत असावे. मॅन्सनच्या आवाजाबद्दल माझे मत कायम आहे.

बदली कामगार :
मॅन्सनबद्दल मीही वाद घालणार नाही. ते गाणे लागले की मुलीसमोर मी टेप पुढे ढकलतो. सांभाळून न घेण्याबद्दल आपण लिहिले आहे, ते इतक्या वर्षांत मला का सुचले नाही, असे वाटून गेले. बारावे गाणे मी पूर्ण ऐकले ते एका नेट कॅफेत, २००४ मध्ये. तोवर अल्बम अकरा गाण्यांचाच आहे, अशी माझी समजूत पक्की झाली होती.

विडी घरकुल :
‘गॉथिक’ चाळीस मिनिटांच्या आतबाहेर आहे. मावसभावाला थोडी समज असती, तर एका बाजूवर अख्खा मावला असता.