रेगेन्सबुर्ग एका दिवसात पायी कसं पाहू? जर्मन ए२ झालं आहे

दारव्ह्याची_पोर:
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याजवळच्या खेड्यातली, नर्सिंग झालं न आता जर्मन शिकून रायली, ए२ ची पातळी झाली, त्यावरची बी१ चालू आहे. पुढच्या महिन्यात म्युनिकला भाषेच्या कोर्सला चालली तर एक रविवार तिकडच्याच बायर्न राज्यातल्या रेगेन्सबुर्ग या जुन्या शहरात जायचं मनात आहे, क्लासमधल्या दोघीतिघी सोबत आहेत. मॅडम म्हणते पुस्तक बॅगेत ठेवा अन् गावातून नुसतं चाला, जे दिसंल ते वाचा. पण सुरू कुठून करू? गाईड घेऊ का? घरी माळकरी आहो आम्ही, खायचं कसं? बाबा रोज विचारते तिकडं काय पाहशीन म्हणून, त्यायले नीट सांगता आलं पायजे मले.

पूर्णाकाठ:
ताई मी मूर्तिजापूरकडचा, शिकाले तिकडंच होतो. स्टेशनवरून सरळ माक्सिमिलियानस्ट्रासनं निघा, दहा-पंधरा मिनिटात जुनं गाव लागते. पहिले पोर्टा प्रेटोरिया पाहा, रोमन छावणीचा दरवाजा, छावणी इ.स. १७९ ची, मार्कस ऑरेलियस बादशहा होता तवाची. ते मोठाले दगड आता बिशपच्या जुन्या वाड्याच्या भिंतीतच बसलेले आहेत, रस्त्यावरूनच दिसते, तिकीट-बिकीट नाही. डोम म्हणजे मोठं चर्च जवळच आहे, आत गेली की हसरा देवदूत शोध, समोरच्या खांबावरल्या मरियेला, म्हणजे येशूच्या आईले, पोरगा होणार ही बातमी सांगून रायला न तोंडभर हसून रायला, दगडात असं हसू मी कुठंच पाह्यलं नाही. रविवारी सकाळच्या प्रार्थनेला सुट्ट्या नसल्या तर डोमश्पाट्सेन गातात, पोरायचा हा कॉयर ९७५ पासूनचा आहे, मागं बसा, मोबाईल काढू नका.

मग सरळ डोनाऊ नदीवर या, दगडी पुलावर. ११३५ ते ११४६ मधे बांधला, ११८९ मधे बार्बारोसा बादशहाची फौज याच गावातून धर्मयुद्धाले निघाली. गाड्या बंद आहेत, आरामात उभं राहता येते. कठड्यावर एक दगडी माणूस बसला आहे, डोळ्यावर हात आडवा धरून डोमकडं पाहून रायला. गोष्ट अशी सांगतात का पूलवाल्या न डोमवाल्या मिस्त्र्यात पैज लागली, पूलवाल्यानं सैतानाची मदत घेतली अन् पुलावरून पहिले जाणारे तीन जीव त्याले कबूल केले, मग पूल झाल्यावर कोंबडा, कोंबडी न कुत्रं पाठवलं. ही गोष्ट तिथल्या कोण्या आजीले जर्मनमधे विचार, त्यायले सांगाले आवडते.

वणीच्या_बाई:
पोरी, पूल तर पाहशीलच, पण मी जर्मन शिकवते म्हणून सांगते, वाचायला खरं साहित्य जुन्या रथाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीच्या दारात आहे. दरवाज्याशेजारी भिंतीला लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत, पाऊल, हात आणि वाव, शहराची अधिकृत मापं. कोणाला शंका आली की कापड मोजणाऱ्यानं फसवलं तर तिथं येऊन ताडून पाहायचं. कापसाच्या काट्यावर उभ्या राहिलेल्या बापाला हे फोनवर सांग, त्यांना लगेच कळेल. त्याच इमारतीत १६६३ ते १८०६ पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्यांच्या साम्राज्याची, संसद भरत होती. आतला हॉल गाईडसोबतच पाहता येतो.

आणि नॉयफारप्लाट्झ हा चौक चुकवू नका. तिथं ज्यूंची वस्ती होती, १५१९ मधे त्यांना हाकललं, सिनगॉग म्हणजे त्यांचं प्रार्थनामंदिर पाडलं. आता त्याच जागी पांढऱ्या दगडाचं स्मारक आहे, डानी काराव्हान या कलाकाराचं, सिनगॉगच्याच आखणीवर बांधलेलं, लोक त्यावर येऊन बसतात. शहरात फुटपाथवर पितळेचे छोटे चौकोन दिसतील, श्टोल्परश्टाईने, नाझींनी छळलेल्या, मारलेल्या लोकांच्या आठवणीचे. "हिअर व्होन्टे" म्हणजे इथं राहत होता/होती इथून सुरुवात, मग नाव, जन्मसाल, कुठं नेलं, कुठं मारलं. ए२ वाल्या मुलीला प्रत्येक ओळ समजते. वाका, हळू वाचा, नाव मोठ्यानं उच्चारा. एवढं केलं तरी माझ्या मते दिवस सार्थकी लागला.

पूर्णाकाठ:
बाई बरोबर. पण गाईडचं म्हणाल तर माझं मत, ए२ वर जर्मन गाईड घेऊ नये, अर्धं डोक्यावरून जाते न पैसे जाते.

वणीच्या_बाई:
मला नाही पटत. आधी दोनतीन तास आपलं आपण फिरावं, मग जर्मनमधलीच टूर घ्यावी, जागा पाहिलेल्या असतात म्हणून कान लवकर लागतो. इंग्रजी टूर घेतली की मुली दिवसभर इंग्रजीतच बोलतात. टुरिस्ट ऑफिस रथाउसमधेच आहे, रविवारची वेळ तिथंच विचारा.

सायकलवाला_चिखलदरा:
खाण्याचं मी सांगतो. पुलाजवळचं जुनं सॉसेजवाल्याचं दुकान लय फेमस, पण ते डुकराचं असते, तुम्ही सोडा. ब्रेत्सेल (खारा पिळाचा पाव) घ्या, केझश्पेट्झले (चीज घातलेल्या शेवया) घ्या, पण "ओने फ्लाइश, ओने श्पेक", म्हणजे मांस नको, डुकराची चरबी नको, असं आधी विचारा, सूपमधे सुद्धा श्पेक टाकतात. रविवारी दुकानं बंद राहतात, स्टेशनवरची बेकरी चालू सापडते, घरून चिवडा न दशम्या नेल्या तर सगळ्यात चांगलं. बूट मऊ तळव्याचे घाला, सगळा दगडी रस्ता आहे.

दारव्ह्याची_पोर:
सगळ्यायचे लय लय आभार, मापाच्या पट्ट्याचं बाबाले आत्ताच सांगितलं, ते म्हणते फोटो पाठव. जायचं तिकीट कसं स्वस्त पडंल?

सायकलवाला_चिखलदरा:
बायर्न तिकीट घ्या, पाच जणांपर्यंत एकच निघते, शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतरच निघायची अट नसते. फक्त रिजनल म्हणजे जवळच्या टप्प्याच्या गाडीत बसा, आयसीई या फास्ट गाडीत चालत नाही. अन् तिकिटावर सगळ्यायची नावं पेननं लिहा, चेकर नावं पाहते.