फ्रॉस्टच्या कवितेतल्या दोन्ही वाटा सारख्याच मळलेल्या होत्या ना?

ताणाबाणा_सोलापूर

नमस्कार मंडळी. मुलगी बारावीला आहे. परवा रात्री क्लासमध्ये दिलेली रॉबर्ट फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन' घेऊन बसली होती. मला म्हणाली, "पप्पा, ही तुमचीच कविता आहे."

तिला तसं वाटणारच. ती लहान असल्यापासून मी तिला एक गोष्ट सांगत आलोय. १९९९ साली डिप्लोमा झाला, पुण्यातून नोकरीचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात वडिलांची उजवी बाजू लुळी पडली. घरचे चार माग. मी राहिलो. बाकीचे पुण्याला गेले, मी मळलेली वाट सोडली आणि त्यामुळेच आज घर उभं आहे, अशी ती गोष्ट.

रात्री माग बंद झाल्यावर डिक्शनरी घेऊन मी स्वतः कविता वाचली. क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय, 'कमी लोक जातात ती वाट निवडा, असा संदेश कवी देतो.' पण कवितेत तर वेगळंच दिसलं. पिवळ्या रानात वाटेला दोन फाटे फुटतात तिथे एक माणूस उभा आहे. तो आधी म्हणतो की दुसऱ्या वाटेवर गवत जास्त होतं, आणि लगेच पुढच्याच ओळींत म्हणतो की खरं पाहता जाण्यायेण्यानं दोन्ही सारख्याच झिजल्या होत्या. त्या सकाळी दोन्हींवर पडलेल्या पानांवर कुणाचं पाऊलही उमटलेलं नव्हतं. मग शेवटी तो 'मी कमी वर्दळीची घेतली, त्यानंच सगळा फरक पडला' असं का सांगतो? आणि सांगताना उसासा टाकीन म्हणतो, तो कशाचा? जाणकारांनी सांगावं. दोन दिवस दुसरं काही सुचत नाही.

इंग्रजीच्या_बाई

तुम्ही बरोबर वाचलंत. मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मीही त्या नोट्ससारखंच शिकवलं, याचं आजही वाईट वाटतं. आपल्या भाषेत 'मळलेली वाट सोडणे' हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की कविता वाचायच्या आधीच तिचा अर्थ आपल्या डोक्यात तयार असतो.

थोडी पार्श्वभूमी सांगते. फ्रॉस्ट १९१२ ते १९१५ इंग्लंडमध्ये राहत होता. तिथे एडवर्ड थॉमस हा त्याचा जिवलग मित्र झाला. दोघं ग्लॉस्टरशरच्या रानात लांब फिरायला जायचे. थॉमस एखादी वाट धरायचा आणि परतताना हळहळायचा, की दुसरीकडून गेलो असतो तर तुला अमुक फूल दाखवता आलं असतं. फ्रॉस्टनं त्या हळहळीवर ही कविता लिहिली आणि आधी थॉमसलाच पाठवली. छापून आली ऑगस्ट १९१५ मध्ये, 'अटलांटिक मंथली'त. त्याच वर्षी थॉमस सैन्यात भरती झाला आणि ९ एप्रिल १९१७ रोजी अरासच्या लढाईत मारला गेला. हे कळल्यापासून मला ही कविता वर्गात मोठ्यानं वाचणं जड जायचं.

आता शेवटचं कडवं बघा. तिथे काळ बदलतो. 'मी हे सांगत असेन', कधी तर युगं लोटल्यावर. म्हणजे तो माणूस त्या फाट्यापाशी उभा असतानाच, म्हातारपणी आपण ही गोष्ट कशी सांगू ते बघतोय. आणि सांगताना 'मी' म्हणून अडखळतो. ओळीच्या शेवटी 'मी', मग रेघ, पुढच्या ओळीत परत 'मी'. त्या रेघेपाशी क्षणभर थांबून वाचा.

उसाशाचं म्हणाल तर मराठीत पंचाईत होते. उसासा म्हटलं की दुःख आलं, निःश्वास म्हटलं की सुटका. इंग्रजी शब्दात दोन्ही मावतं, आणि फ्रॉस्टनं ते उघडंच ठेवलंय. पिवळ्या रानाचंही तसंच. आपल्याकडे कडुनिंब फाल्गुनात पानं गाळतो आणि लगेच पालवतो. तिथली पानगळ म्हणजे पुढे लांबलचक हिवाळा. निवड वर्ष उतरणीला लागल्यावरची आहे.

एक विचारू? रागावू नका. १९९९ ला तुमच्या गल्लीतली किती मुलं मागावर राहिली होती?

डाळिंबवाला_सांगोला

बाई, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण मला हे पटत नाही. २००८ ला मी पतसंस्थेतली नोकरी सोडून डाळिंब लावलं. घरच्यांनी बोलणं टाकलं होतं. तेव्हा या कवितेच्या शेवटच्या तीन ओळी कागदावर लिहून पंपाच्या खोलीत चिकटवल्या होत्या. झाडांवर तेल्या रोग आला, एकदा अख्खी बाग उपटून जाळली. पुन्हा लावली. त्या दिवसांत कुणी मला 'दोन्ही वाटा सारख्याच होत्या' म्हणालं असतं, तर मी दुसऱ्यांदा खड्डे घेतलेच नसते. माणसाला उभं करणारा अर्थ चुकीचा कसा म्हणायचा?

इंग्रजीच्या_बाई

दादा, तुमच्या कागदाला मी चुकीचं म्हणणार नाही. तुम्हाला त्या ओळींची गरज होती. मी एवढंच म्हणते की मुलांना शिकवताना मधली दोन कडवी गाळू नयेत.

ताणाबाणा_सोलापूर

बाई, रागावलो नाही. पण उत्तर द्यायला चार दिवस लागले. काल रात्री गल्लीतली माझ्या वयाची पोरं बोटांवर मोजली. अकरा होतो. नऊ मागावर राहिले. सोलापूरच्या पूर्व भागात तेव्हा तेच चालायचं, बापाच्या मागावर पोरगा बसायचा. गेले ते फक्त दोघं. म्हणजे मळलेली वाट मीच धरली होती, आणि पंचवीस वर्षं उलटं सांगत आलो. खोटं बोलायचं म्हणून नाही. सांगता सांगता ते तसंच झालं.

सांगोल्याच्या दादांचंही समजतं. ताणा, म्हणजे उभे धागे, एकदा मागाच्या बीमवर चढला की बीम संपेपर्यंत तोच राहतो, उभा रंग बदलता येत नाही. बाणा, म्हणजे आडवा धागा, मात्र कांडी बदलली की बदलतो. मी चादरीत रोज ते करतो. राहिल्याचं दुःख असं नाही. वडील त्यानंतर सहा वर्षं जगले, डाव्या हातानं चादरीची किनार चाचपून वीण कुठे सैल आहे ते सांगायचे. ती सहा वर्षं पुण्यात मिळाली नसती. पण पत्र अजून कपाटात आहे, घड्यांवर फाटलेलं. फेकवलं नाही.

मुलीला अॅडमिशनसाठी पुणे की सोलापूर, हे ठरवायचं आहे. काल जेवण झाल्यावर ते पत्र तिच्या हातात दिलं आणि गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी त्या नऊ जणांसकट. तिनं पत्रावरची तारीख वाचली आणि विचारलं, "पप्पा, रुजू व्हायची मुदत तर महिन्याभराची होती. तुम्ही त्यांना कळवलं होतं का?"

नव्हतं कळवलं. तेच तिला सांगितलं.