अनुभव सांगा: सगळ्यांनी मिळून केलेल्या पोस्टरच्या संचातलं तुमच्या वाट्याचं पोस्टर

काथवट
काल माळा काढला तर जुन्या चादरीत गुंडाळलेला माझा ळ सापडला. पूर्ण दुपार तिथेच गेली.

दहा वर्षांपूर्वी आम्ही १९ जणींनी एका जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी अ ते ज्ञ ४८ पोस्टरं केली होती, १२ स्वर आणि ३६ व्यंजनं, एकेकीला दोन किंवा तीन अक्षरं, चिठ्ठ्या टाकून. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी लावायची होती. नियम तीनच. कागद ए३ आडवा नाही उभा, चारी बाजूंनी एकाच ताग्यातल्या खणाची इंचभर पट्टी, आणि अक्षराची शिरोरेघ वरून बरोबर तीन इंचावर, कारण भिंतीवर ओळीने लावली की शिरोरेघ एकसलग दिसली पाहिजे. बाकी कापड, काड्या, डाळी, मणी, रद्दी, ज्याला जे सुचेल ते.

मला ग, ठ आणि ळ. ळ बघून रडूच आलं कारण ळ ने शब्दच सुरू होत नाही, तक्त्यावर आपलं बाळ नाहीतर नळ. आठ दिवस काही सुचेना. मग नारळ सोलताना काथ्या हातात आला, त्याचे दोन वेटोळे केले आणि झालाच की ळ! नारळात ळ, वेटोळ्यातही ळ. खाली करवंटीचे तुकडे, मागे जुन्या पंचांगाची पानं. मुलं त्या काथ्यावरून बोट फिरवून ळ गिरवायची असं बाईंनी नंतर सांगितलं. शाळा रंगवताना संच उतरवला तेव्हा ज्याचं त्याला परत दिलं. तुमचंही लिहा.

आंबेमोहर
ळ भारी!! माझ्याकडे ञ आला असता तर मी गाव सोडलं असतं 😀 भाकऱ्या टाकतेय, नंतर लिहिते

सहाणेवरचं चंदन
आमचा अष्टविनायकाचा, सोसायटीच्या गणपतीत. आठ मजले आठ पॅनल. लेण्याद्री आमच्या मजल्याला, ते देऊळ डोंगरात कोरलेलं म्हणून मी सँडपेपर फाडून (कापायचा नाही, फाडायचा, कड खडबडीत येते) एकावर एक चिकटवला, पोलीश पेपरचे तीन नंबर, जाड खाली बारीक वर, आणि लेण्यांची तोंडं आतून काळ्या मखमलीची. दिसायला खराखुरा कातळ. पण शेजारच्या ओझरवाल्यांनी सगळं जरीचं चमचमतं केलेलं, शेजारी लावल्यावर आमचं अगदी अंधारात गेलं. फार लागलं तेव्हा. शेवटी पाचव्या मजल्यावरच्या काकांनी आठही पॅनलच्या खालून गेरूची एकच रुंद पट्टी ओढली आणि सगळी एका घरातली दिसायला लागली. संचात आपलं चांगलं होऊन भागत नाही, शेजारचं काय करतोय हे आधी जाऊन बघायला हवं होतं मी.

पावशेर
कॉलेजला सहा ऋतू. मला वर्षा आणि लावायचं जुलैत. कार्डशीटवर फेविकॉल थापून सुतळी, कापूस, जिलेटीन पेपर… सकाळी बघतो तर पोस्टरची होडी झालेली. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आता मी सगळ्यांना सांगतो. फेविकॉलमधलं पाणी कागद पितो, म्हणून पातळ हात द्यायचा आणि मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवायचा म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा बसतो, वर जड वह्या ठेवून रात्रभर दाबायचं. सरळ माउंट बोर्ड घेतला तर उत्तमच.

जाई_जुई
@पावशेर माउंट बोर्ड पुण्यात कुठे घेता? सुटा मिळतो का

पावशेर
अप्पा बळवंत चौकात. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

दूरदेशी
मी न्यू जर्सीत, आमच्या मराठी शाळेतही मुळाक्षरांचाच संच केला. मला आ. आई जाऊन तेव्हा चारच महिने झालेले, तिची एक इरकल मी सोबत आणलेली. लाल पदराला कात्री लावायला तीन रात्री लागल्या, नुसती उघडून बसायचे. शेवटी काना पदराचा केला आणि बाकीचं अक्षर साडीच्या अंगाचं. भिंतीवर आहे अजून. मुलं त्याला हात लावतात ते मला आवडतं.

आंबेमोहर
दूरदेशी ताई 🫂 भाकरी करपली पण असू दे.

शाईची दौत
ल बद्दल लिहायलाच हवं. आमच्या संचात एकाने कॉम्प्युटरवर ल काढून छापून मोठा केला आणि त्यावर मसूर चिकटवली, दोन दिवसांचं काम. लावताना एका आजोबांनी पाहिलं, म्हणाले हा हिंदी वळणाचा. खरंच होतं, आपला ल दोन पाकळ्यांचा. २००९ च्या शासननिर्णयात मराठी ल आणि श कसे काढायचे ते दिलंय तरी बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणच येतं. सगळी मसूर सुरीने काढली आणि परत लावली. मुलांपुढे वर्षानुवर्षं राहणार असेल तर अक्षराचं वळण आधी हाताने काढा, मग सामान निवडा.

गूळपोळी
डाळी लावल्या की कीड आलीच. आमच्या इथे पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे, कसर लागत नाही. पण मुलांचा हात लागणार तिथे मोरचूद अजिबात नको, विषारी आहे. डाळी कडक उन्हात वाळवून वरून वॉर्निशचा हात द्यावा.

जाई_जुई
गूळपोळी, आयडी वाचून भूक लागली. संक्रांतीला तुमची रेसिपी दिली होतीत ना, गूळ बाहेर येतो माझा

गूळपोळी
बेसन खमंग भाजून घालत जा गुळात, वेगळ्या धाग्यावर सांगते नीट.

काथवट
सगळं वाचलं, दूरदेशीचं दोनदा. ळ चा एक वेटोळा सुटलाय, काथ्या ठिसूळ झालाय, तो नव्याने लावायचाय. शाळेला आता परत लावायला जागा आहे म्हणतात, त्यामुळे बाकीच्या १८ जणींना फोन सुरू केलेत. ठ सापडला, ग नाही. सध्या ४८ पैकी ११ अक्षरांचा पत्ता लागलाय.

माडाखाली
काथ्या विकत घेऊ नको गं. आमच्या परसात नारळाच्या सोडणांचा ढीग पडलाय, भिजवून कुटून मऊ करून देते. किती लांब लागेल ते मोजून कळव.