मुलांच्या क्रीडावर्गासाठी स्वयंसेवक मिळेनासे झाले आहेत

प्रश्न – वर्गचालक
आम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांसाठी विनामूल्य क्रीडावर्ग चालवतो. मुलांची संख्या वाढत गेली, मैदानावर उभी राहणारी मोठी माणसे मात्र तीच चार राहिली. फक्की टाकून मैदान आखणे, गुणलेखन, प्रथमोपचाराच्या पेटीत संपलेल्या पट्ट्या आणून ठेवणे, शेवटच्या मुलाचे पालक येईपर्यंत अंधारात थांबणे, हे सारे त्यांच्याकडेच येते. गेल्या महिन्यात त्यांपैकी एकीने ‘आता जमणार नाही’ असे कळवले. पालकांच्या समूहावर तीनदा आवाहन केले. अंगठे पुष्कळ उमटले, माणूस एकही आला नाही. मानधन देण्याइतका निधी नाही. मुलांची संख्या कमी करावी काय?

प्रतिसाद – जुना गुणलेखक
त्याआधी आपण नेमके काय मागत आहात ते पाहावे. ‘स्वयंसेवक हवेत’ एवढेच वाचणाऱ्याला काम किती आणि कुठवर हे कळत नाही, आणि एकदा होकार दिला की सुटका नाही, ही त्याची भीती बहुधा खरीच ठरते. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनिशी सुरू झालेला पार्करन हा ५ किलोमीटरचा साप्ताहिक उपक्रम आज अनेक देशांत स्वयंसेवकांच्याच बळावर चालतो. तेथे वेळ नोंदवणे, अंतिम रेषेवर क्रमांकाचे टोकन देणे, सर्वांच्या मागून चालणे अशी कामे वेगवेगळी असतात आणि एखाद्याच दिवसापुरते नाव देता येते.

प्रतिसाद – एक पालक
अंगठा देऊन गप्प बसणाऱ्यांपैकी मीही एक होतो. सर्वांना उद्देशून केलेली विनंती आपल्याला नाही, असे प्रत्येकाला वाटते. एके दिवशी प्रशिक्षकांनी माझ्या हातात थांबघड्याळ देऊन ‘अर्धा तास एवढे सांभाळा’ म्हटले, तेव्हा नाही म्हणता आले नाही. मात्र एक सांगतो, रागावू नये: दुसऱ्या आठवड्यात मी मांडलेले शंकू एका जुन्या कार्यकर्त्याने काही न बोलता उचलून पुन्हा मांडले. त्यानंतर मी तीन आठवडे गेलो नाही. आपले चौघे नव्या माणसाला काम खरोखर सोपवतात का, हेही पाहावे.

प्रतिसाद – पंच
कामाचे तुकडे पाडणे ठीक, पण सगळ्याच कामांचे तसे होत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी सुमारे ७०,००० स्वयंसेवक निवडले गेले आणि अर्ज त्याच्या तिपटीहून अधिक आले होते; काही दिवसांच्या सोहळ्यासाठी माणसे मिळतात, दर आठवड्याच्या ओल्या मैदानासाठी मिळत नाहीत. शिवाय लहान मुलांना दर वेळी नवा चेहरा चालत नाही आणि अनोळखी माणसाला पडताळणीविना त्यांच्यात सोडताही येत नाही. आमच्यातले नवे पंच तर कामाच्या ओझ्याने नव्हे, सीमारेषेबाहेरून पालकांनी केलेल्या आरडाओरड्याने जातात. तो थांबवण्याची जबाबदारी आयोजकांनी घेतली नाही, तर भरती कितीही केली तरी गळती चालूच राहील.

प्रतिसाद – वर्गचालक
आभारी आहे. काल बसून कामांची यादी केली, ती एकोणीस निघाली. त्यांतली अकरा मुलांशी थेट संबंध न येणारी आहेत. ती एकेका महिन्यापुरती पालकांना प्रत्यक्ष भेटून विचारणार आहे. जमणार नाही म्हणणाऱ्या बाईंना फक्त वेळापत्रक पाहाल का, असे विचारले. त्या म्हणाल्या, ‘तेवढेच असेल तर पाहीन.’ शंकूंचा प्रकार आमच्याकडेही होतो, आणि तो करणारा मीच आहे.